पळसोडा हॉल्ट, तिसरा डबा

“पोट्टं हाय का वासरू हाय वं हे?”

तिकिटाच्या खिडकीशी आलेली झुंबरबाई मोठ्याने म्हणाली आणि तिच्या मागच्या चारपाच जणी खळखळून हसल्या. साडेतीन वर्षांचा प्रज्वल खिडकीखाली उभा होता. त्याच्या कमरेला जुन्या सुती लुगड्याची पट्टी बांधलेली होती आणि पट्टीचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला. बांधणारी त्याची आई, सारिका, आत बसून तिकिटं देत होती.

“रुळाकडं पळते तो, काकू,” सारिका म्हणाली. “गाडी येईपर्यंतच बांधतो मी.”

“आमची काय पोरं नव्हती? आम्ही काय दावनीले बांधली का ती?” झुंबरबाई नवरदेवाची आत्या होती, त्यामुळे आज तिला आवाज होता. तिच्या भाच्याचं, हरिओमचं, लग्न नांदुऱ्याला होतं. सकाळी हळद, संध्याकाळी लग्न. जीपगाड्या कमी पडल्या म्हणून लेकुरवाळ्या बायका आणि पोरं रेल्वेने निघाली होती. पोरांच्या अंगात एकसारखे पिवळे टी-शर्ट होते. छातीवर लाल अक्षरात ‘टीम हरिओम’.

“सोडून दे बापा त्याले,” बाहेरून सासूचा, बनाबाईचा, आवाज आला. “लोकं हासून राह्यले. मी हाओ ना इथं.”

सारिकाने क्षणभर विचार केला. मग हात गजातून बाहेर काढून गाठ सोडली. प्रज्वल सुटला तो थेट पिवळ्या पोरांच्या घोळक्यात. कोणीतरी पिशवीतून उरलेला एक टी-शर्ट काढला आणि “घे बाबू, तुलेबी” म्हणून त्याच्या डोक्यातून घातला. तो त्याच्या गुडघ्यापर्यंत आला. सारिकाला ते दिसलं, बरंही वाटलं. तेवढ्यात पुढचा हात खिडकीत आला. “दोन फुल, तीन हाफ, नांदुरा.”

तिने खणातून तिकिटं ओढली आणि एकेक तारखेच्या यंत्रात घातली. खट्. खट्.

पळसोडा हॉल्टला स्टेशन म्हणायचं ते गावकऱ्यांनीच. एक खोली, एक बाक, एक कडुलिंब आणि कुंपण नसलेला फलाट. कोळशाची इंजिनं होती तेव्हा इथे फक्त विहीर होती. इंजिन पाणी प्यायला थांबायचं आणि तेवढ्यात पळसोड्याची माणसं चढून घ्यायची. डिझेल आलं आणि इंजिनाची तहान गेली, तशी गाडी न थांबता पुढे जाऊ लागली. गावाने तीन वर्षं अर्ज केले. शेवटी हॉल्ट मंजूर झाला, फलाट तुमचा तुम्ही करा या अटीवर. बैलगाड्यांनी मुरूम आला, गावातल्या बायकांनी तो चोपला, आणि रुळाच्या बरोबरीचा फलाट तयार झाला. वर उचलू पुढच्या वर्षी, असं पाहणीला आलेले साहेब म्हणाले होते. त्यानंतर डिझेल जाऊन वीज आली, पॅसेंजरची मेमू झाली, साहेब किती बदलले कोण जाणे. फलाट तिथेच राहिला. डब्याची खालची पायरी मोठ्या माणसाच्या मांडीला लागायची, आणि गाडी थांबायची एक मिनिट.

हॉल्टचं तिकिटाचं काम पहिल्यापासून नारायणरावांकडे होतं. म्हणजे सारिकाच्या सासऱ्यांकडे, आणि त्यांच्यानंतर सारिकाकडे. हॉल्टवर रेल्वेचा नोकर नसतो, गावातलाच माणूस तिकिटं विकतो. दुसऱ्याच वर्षी एक बाई बोचकं घेऊन आधी चढली आणि वरून तिने पोराचा हात धरला. गाडी हलली. पोरगं लोंबकळत चाललं. गार्डाने पाहिलं, ब्रेक लावला. पोरगं वाचलं, डाव्या पायाची दोन बोटं गेली. त्या दिवशी नवऱ्याची भाकर घेऊन आलेली बनाबाई कडुलिंबाखाली उभी होती. वीसबावीस वर्षांची असेल. तिने भाकरीचं फडकं त्या पायाला बांधलं.

दुसऱ्या दिवशी गाडीच्या वेळेला ती फलाटावर आली, तिसऱ्या डब्यासमोर उभी राहिली आणि ओरडली, “पोरं आधी!”

तेव्हापासून पळसोड्यात तीच रीत. आया खाली थांबतात, बनाबाई पोरं उचलून आत देते. आत जो कोणी दाराशी असेल तो घेतो. ओळखीचा असो, परका असो, घेतोच. मग म्हातारे, मग आया, मग गडीमाणसं. शेवटचा पाय वर गेला की बनाबाई उजवा हात उंच करायची, आणि मागे गार्ड तिच्याच हाताकडे बघून हिरवी झेंडी दाखवायचा. रेल्वेच्या कुठल्याही पुस्तकात हे लिहिलेलं नव्हतं. पण नवा गार्ड आला की जुना त्याला सांगून जायचा, पळसोड्याला म्हातारीचा हात बघ.

तिच्या हाताची आणखी एक ख्याती होती. पोर उचललं की तिला वजन कळायचं. “गेल्या महिन्यापक्षा उतरलं वं हे, दूध सुटलं का याचं?” असं ती गाडीत चढणाऱ्या आईला सांगायची, आणि आई नांदुऱ्यापर्यंत काळजी करत जायची. अंगणवाडीची काजल तर म्हणे, “माह्या काट्याची सुई अटकते, आजीचा हात अटकत नाही.” उन्हात डोळे मिटूनही बनाबाई सांगे, हे शेषरावाचं धाकटं, हे सरपंचाच्या लेकीचं.

डोळे मिटून सांगे, हे सगळ्यांना कौतुकाचं होतं. सारिकाला वर्षभरापासून त्याची भीती वाटत होती. बनाबाईने ओतलेला चहा कपाच्या बाहेर पडायचा. तुरीच्या डाळीतले खडे डाळीतच राहायचे. “आत्याबाई, शिबिर हाय डोळ्याचं, जाऊन येऊ,” असं ती सासूला दोनदा म्हणाली. बनाबाई म्हणाली, “मी काय पेपर वाचतो का?” देवानंद, सारिकाचा नवरा, मलकापूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, सकाळी सातला जायचा. तो म्हणाला, “राहू दे, हंगाम झाला की नेतो.” सारिकाने मग पट्टी फाडली आणि पोराला गजाला बांधायला सुरुवात केली. खरं कारण कोणाला सांगितलं नाही.

दहा वाजून सात मिनिटांनी गाडी आली.

“पोरं आधी! पोरं आधी!”

खिडकीशी अजून दोघं होते. सारिकाने तिकिटं दिली आणि गजातून बघितलं. वऱ्हाडाची पोरं रांगेने उभी होती, बनाबाई वाकत होती, उचलत होती, देत होती. पिवळं, पिवळं, पिवळं. दारात उभ्या असलेल्या पोरी हसत हसत घेत होत्या. एक छोटं पोर होतं, टी-शर्ट गुडघ्यापर्यंत आलेलं, दोन्ही हात वर करून स्वतःच पुढे झालं. बनाबाईने त्याला काखेत धरून वर दिलं. सारिकाने ते पाहिलं. आणि ती तारखेच्या यंत्राकडे वळली, कारण एक हाफ तिकीट द्यायचं राहिलं होतं.

खट्.

आया चढल्या. झुंबरबाईला दोघींनी मागून रेटलं. बनाबाईने हात उंच केला. गाडी गेली.

फलाटावर धूळ बसेपर्यंत सारिका खणातली तिकिटं सारखी करत होती. मग बाहेर आली.

“प्रज्वल?”

कडुलिंबाखाली कोणी नव्हतं. बाकावर नव्हतं. खोलीच्या मागे, विहिरीच्या बुजवलेल्या कठड्याशी, नव्हतं. ती पळत गोकुळच्या भज्याच्या गाड्यावर गेली. गोकुळ म्हणजे तोच दोन बोटं गेलेला. आता पन्नाशीला टेकलेला, फलाटाच्या टोकाला गाडा लावायचा.

“गोकुळभाऊ, पोरगं आलं का इकडं?”

“नाही वं वहिनी. काऊन?”

सारिका रुळाकडे वळली आणि तिने रुळात बघितलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, लांबपर्यंत. रुळात काही नव्हतं.

“गेलं,” ती म्हणाली. “गाडीत गेलं.”

बनाबाई लगबगीने आली. “कोन गेलं?”

“प्रज्वल.”

“अवं माय!” बनाबाईने कपाळाला हात लावला. “त्या वऱ्हाड्याईनं चढवलं! अंगात कपडा घातला ना त्याईनं? त्यातलीच कोनीतरी अक्कलशून्य. आपलं कोनतं, दुसऱ्याचं कोनतं, काई शुद्ध हाय का नाही? अन् ती झुंबरी, पोराले सोड म्हने! येऊ दे तिले परत. चाळीस वर्ष झाले मी पोरं चढवून राह्यलो, एक पोरगं चुकलं नाही माह्या हातून!”

सारिका तिच्याकडे बघत राहिली. गुडघ्यापर्यंतचा टी-शर्ट. वर केलेले दोन हात. काखेत धरलेलं पोर. जिभेवर आलेलं वाक्य चार शब्दांचं होतं. ते बोललं की बनाबाई परत त्या डब्यासमोर उभी राहणार नव्हती, हे सारिकाला कळत होतं. आणि त्या क्षणी तिला तेच हवं होतं.

“गाडी काढू का, वहिनी?” गोकुळने मोटरसायकल आणली होती. “बस मागं. रस्ता खराब हाय, पन तासाभरात पोचू.”

ती बसली. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

हॉल्टवर सारिकाचा नंबर खिडकीवर खडूने लिहिलेला होता, गाडी किती लेट आहे ते लोक विचारायचे. हा फोन समीक्षाचा होता. नवरदेवाची चुलतबहीण, मलकापूरला कॉलेजात, रोजची प्रवासी. मागे गाडीचा आणि पोरांचा कल्ला होता. त्यात सारिकाला शब्द कळेना. गोकुळने तो घेऊन स्पीकर सुरू केला.

“ताई, घाबरू नका. तुमचा प्रज्वल इथं हाय, माह्या मांडीवर. पोरं मोजली तं एक जास्त निघालं. त्याले काई झालं नाही. चिवडा खाऊन राह्यला.”

सारिका मोटरसायकलवरून खाली उतरली.

“नांदुऱ्याले उतरलो की समोरच्या फलाटावर उलटी गाडी लागते. मी त्याले घेऊन तीच धरतो. तुम्ही रस्त्यानं येऊ नका, चुकामूक होईन. घ्या, बोला त्याच्याशी.”

“मम्मी!” प्रज्वलचा आवाज एकदम मोठा, आनंदाने फाटलेला. “मी गाडीत हाओ!”

“हो रे राजा. रडू नको हं.”

“मी नाही रडून राह्यलो.”

गोकुळ फोनकडे वाकून हसत म्हणाला, “काऊन बे, तिकीट काढलं का? कोनं बसवलं तुले गाडीत?”

“आजीनं,” प्रज्वल म्हणाला. “आजीनं बसवलं मले.”

फोन कट झाला की रेंज गेली, कळलं नाही. गोकुळचं हसू तोंडावर राहून गेलं. त्याने फोन सारिकाच्या हातात दिला, मोटरसायकल स्टँडवर लावली आणि कढईखालचा जाळ कमी करायला निघून गेला. जाळ कमीच होता.

बनाबाई उभी होती तशीच उभी राहिली. मग हळूहळू चालत बाकापर्यंत गेली. बसताना तिने आधी हाताने बाक चाचपला. हे ती रोजच करत असेल. सारिकाच्या आज लक्षात आलं.

उलट्या गाडीला पन्नास मिनिटं होती. सारिकाने फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चार फेऱ्या मारल्या. पोर सुखरूप आहे हे कळल्यावर भीती गेली आणि तिच्या जागी संताप आला. धावत्या गाडीत तो दाराशी गेला असता तर? ते दार उघडं, ती साडेतीन वर्षांची अक्कल. समीक्षाने पोरं मोजलीच नसती तर? देवानंदला काय सांगायचं? पाचव्या फेरीला ती बाकासमोर थांबली. आता बोलायचंच, असं ठरवून थांबली.

बनाबाई आपल्या हातांकडे बघत होती. तळवे वर करून मांडीवर ठेवलेले, जणू त्यात कोणी काही ठेवून गेलं होतं आणि ते सापडत नव्हतं.

“डोये गेले, मले ठाऊक हाय,” ती म्हणाली. “दोन साल झाले. दाराशी काय ते उजेड दिसते अन् पोराचा रंग. तरी मी म्हनो, डोयाचं काय काम हाय? हात हाय ना. लोकायचं पोरगं मले हातानं कळे, सारिका. अन् माह्यंच पोरगं... रोज मी त्याले न्हाऊ घालतो.”

“हातानं सांगितलं नाही मले,” बनाबाई म्हणाली.

कढईत भजी सोडल्याचा आवाज आला. दुपारच्या गाडीची दोन माणसं येऊन सावलीला बसली होती. सारिका बाकावर बसली. पोरगं वर गेलं तो क्षण तिने पुन्हा डोळ्यांसमोर आणला. तिचे डोळे सत्तावीस वर्षांचे होते. बी.ए.ची पदवी होती. गजातून सहा हातांवर ते पोर होतं, तिने सकाळी तेल लावून भांग पाडलेलं डोकं.

“मीबी पाह्यलं, आत्याबाई,” ती म्हणाली.

“काय पाह्यलं?”

“तुम्ही त्याले उचललं ते. खिडकीतून सरळ दिसून राह्यलं होतं. मले वाटलं, वऱ्हाडातलंच हाय एखादं. मी पाह्यलं अन् हाफ तिकीट कापत बसलो.”

बनाबाईने मान तिच्याकडे वळवली. तिचे डोळे सारिकाच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला थांबले.

“तुले वळखू आला नाही?”

“नाही.”

बनाबाई म्हणाली, “तं मंग दोघी सारख्याच,” आणि पदराने नाक पुसलं.

अकरा वाजता गाडी आली. बनाबाई सवयीने उठली आणि तिसऱ्या डब्यासमोर जाऊन उभी राहिली. पाय बरोबर जागेवर पडले, पण हात तिने पदरात गुंडाळून घेतले होते. दारात समीक्षा होती, नटलेली, केसात गजरा, एका काखेत प्रज्वल.

“घ्या आजी तुमचं पार्सल! हळद सुटली माही याच्यापायी!” तिने त्याला दाराबाहेर धरलं. “मलेबी तुम्हीच चढवत होत्या ना लहानपनी, फिटलं आता.”

प्रज्वलने दोन्ही हात आजीकडे केले. पोरं गाडीतून आजीच्या हातात उतरतात, एवढंच त्याला माहीत होतं.

बनाबाई एक पाऊल मागे सरली. “तू घे,” ती सारिकाला म्हणाली.

सारिकाने त्याला घेतलं. मागोमाग समीक्षा उडी मारून खाली उतरली. तो चिवड्याच्या तेलाने माखलेला होता आणि त्याच्या अंगाला गाडीच्या लोखंडाचा वास येत होता. गार्ड मागून बघत होता. हात वर होत नव्हता. त्याने शिट्टी वाजवली, पुन्हा बघितलं. शेवटी पोराला एका कडेवर सरकवून सारिकानेच हात वर केला. मेमू मलकापूरकडे गेली, आणि समीक्षाला नांदुऱ्याला परत सोडायला गोकुळने मोटरसायकल काढली.

“आन इकडं,” बनाबाई बाकावरून म्हणाली.

सारिकाने प्रज्वलला तिच्यापुढे उभं केलं. बनाबाईने त्याला काखेत धरलं आणि उचललं. खाली ठेवलं. पुन्हा उचललं, जरा वेळ तसंच धरून ठेवलं, डोळे मिटून. प्रज्वलला खेळ वाटला, तो हसू लागला, “आजी, आनखी!” तिने तिसऱ्यांदा उचललं. खाली ठेवलं, आणि हात पुन्हा पदरात गुंडाळून घेतले.

त्या रात्री देवानंदला जे सांगायचं ते बनाबाईनेच सांगितलं, जेवताना, एका वाक्यात. तो ताटावरून उठायला लागला तशी म्हणाली, “भाकर खा. शिबिर कवा हाय ते पाह्य.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सारिका हॉल्टवर पोचली तेव्हा खोली उघडी होती. बनाबाई खिडकीमागे, सारिकाच्या खुर्चीवर बसली होती. नारायणरावांच्या आजारपणात तिने सहा महिने हे काम केलं होतं. कोणत्या खणात कुठलं तिकीट हे तिच्या बोटांना माहीत होतं. वरून पहिला मलकापूर, मग नांदुरा, मग शेगाव, हाफ तिकिटं उजवीकडे. एकेका खणावरून बोट फिरवून ती बघत होती.

“मी इथं बसतो,” ती म्हणाली. “तू भाईर.”

“आत्याबाई, मले जमन का?”

“पाठीतून वाकू नको. गुडघ्यातून वाक. अन् पोराकडं पाह्य, आईकडं पाहू नको. आई घाई करते.”

गाडी आली तेव्हा तीन बायका आणि चार पोरं होती. “पोरं आधी!” सारिका ओरडली. आवाज बारीक निघाला. गोकुळने गाड्यावरून दुसऱ्यांदा ओरडून तो पुढे नेला. पहिलं पोर जड होतं, दुसरं त्याहून जड. तिला कोणाचंच वजन कळलं नाही. प्रत्येकाचा चेहरा मात्र तिने नीट पाहिला. चौथं आत गेलं, आया चढल्या. तिने हात उंच केला आणि हात वर असतानाच मागे वळून खिडकीकडे बघितलं.

गजाला पट्टी बांधलेली नव्हती. ती प्रज्वलच्या कमरेपासून निघून खिडकीतून आत गेली होती आणि बनाबाईच्या डाव्या मनगटाला दुहेरी गाठीने बांधली होती. प्रज्वल गाडीकडे ओढ घेत होता. त्याच्या प्रत्येक ओढीबरोबर तो हात थोडा पुढे यायचा, गजाला टेकायचा, आणि तिथेच थांबायचा. उजव्या हाताने बनाबाई तिकिटावर तारीख मारत होती.